हरळी पेरायची कधी, मारायची कधी

"साहेब, गवत काहून निंगून नाही राह्यलं?"

मेडशीच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या एका भल्यामोठ्या काळ्या मैदानाच्या मधोमध उभे राहून दादाराव मला विचारत होते. त्यांचं कृषी केंद्र आहे, म्हणजे खत, बियाणं, औषधांचं दुकान. शेतकरी मेळाव्यांत त्यांचं भाषण असतं आणि भाषणाआधी त्यांचाच सत्कार असतो. मैदानाला पाणी भरपूर दिलं होतं. खत उत्तम होतं, बियाणं महागडं होतं. फक्त गवत नव्हतं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास या मैदानावर त्यांच्या मुलीचं, ऋतुजाचं, लग्न होतं. मुलाकडचे पुण्याचे. त्यांनी हुंडा मागितला नाही, मानपान मागितला नाही. 'ओपन लॉनवर लग्न' एवढीच इच्छा सांगितली. दादारावांनी ताबडतोब हो म्हटलं. आपल्याकडे लॉन नाही, ही बाब त्यांना किरकोळ वाटली.

आमच्या भागात लॉन म्हणजे मंगल कार्यालय. कमान असते, सिमेंटचे दोन सिंह असतात, आत हिरवी मॅट असते. गवताची सक्ती नसते. पण दादारावांना ओरिजिनल हवं होतं. मी सरकारी विश्रामगृहांच्या बागा सांभाळत निवृत्त झालेला माणूस. म्हणून त्यांनी मला बोलावलं.

मी हरळी सुचवली. आमच्या उन्हात तीच तग धरते. इथल्या शेतकऱ्यांच्या पिढ्या ती शेतातून उपटण्यात खपल्या, आणि आता ती पैसे देऊन पेरायची होती. शेजारच्या वावरातले किसनराव धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून बियाण्याचा पुडा न्याहाळत म्हणाले, "हे तं हरळी होय ना बावा! माह्या धुऱ्यावरून घेऊन जा, फुकट." पण पुड्यावर इंग्रजी नाव होतं आणि गोल्फ खेळणाऱ्या गोऱ्या माणसाचा फोटो होता. दादारावांनी किसनरावांकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

या कामात सगळा खेळ वेळेचा. हरळीच्या बियाला उबदार माती लागते. शिवरात्रीनंतर रात्रीचा गारठा ओसरला की पेरावं. अडचण अशी की तणालाही तीच वेळ आवडते. तण उगवण्याआधीच रोखणारं औषध मिळतं, त्याला उगवणपूर्व तणनाशक म्हणतात. ते मातीच्या वरच्या थरात बसतं आणि तिथे जे बी मोड काढेल त्याचं मूळ खुंटवतं. मूळ धरून मुरलेल्या गवताला ते सोडतं. उगवू पाहणाऱ्या गवताला सोडत नाही. म्हणून मी दादारावांना सांगितलं होतं, "यंदा फक्त पेरा. तण हातानं निंदून काढा. गवत मुरलं की मग फवारा."

"समजलं," दादाराव म्हणाले होते. सत्काराला उत्तर देताना म्हणतात तसं.

मग पेरणीचा समारंभ झाला. 'हिरवळ शुभारंभ' असा बॅनर लागला. प्रमुख पाहुणे ऊन चढल्यावर आले. त्यांनी मूठभर बी कॅमेऱ्याच्या दिशेनं उधळलं आणि शेती या विषयावर बोलले. पाहुणे गेल्यावर उरलेलं बी मी वाळूत मिसळून माणसांकडून नीट पेरून घेतलं.

आणि आता हे काळं मैदान. मी खाली बसून माती उकरली. गवत नाही हे एक वेळ समजलं असतं. पण भिजवलेल्या काळ्या रानात गाजरगवताचं एक रोपटंसुद्धा नाही? आमच्याकडे गाजरगवत सिमेंटच्या भेगेतूनही येतं.

"दादाराव, फवारलं काय?"

"म्हंजे? फवारावंच लागते ना! पेरणी झाली का दोन दिसात फवारा. साऱ्या जिल्ह्याले मीच सांगतो."

"ते सोयाबीनला. सोयाबीनचं बी मोठं, खोल पडतं, आणि ते औषध त्याला झेपतं. हे बी खसखशीएवढं, वरच असतं. आणि औषध गवतासाठीच केलेलं आहे. त्यानं गवत मारलं."

"पण हे इम्पोर्टेड गवत हाय!"

"औषध पासपोर्ट पाहत नाही, दादाराव."

दादारावांनी खाली वाकून स्वतः माती उकरली. अशी वेळ त्यांच्यावर क्वचित येते. मग म्हणाले, "पुन्हा पेरू."

"औषधाचा असर दोन-तीन महिने राहतो. लग्न त्याच्या आत आहे."

"तयार गवताचे गालिचे मिळतात म्हन्ते."

"या उन्हात ट्रकमधून इथं येईपर्यंत पापड होतील."

"हिरवा रंग मारला तं?"

"ऑइलपेंट की डिस्टेंपर?"

तेवढ्यात ऋतुजा आली. ती अकोल्याला बँकेत आहे आणि वडिलांचं भाषण मध्येच थांबवू शकणारी जिल्ह्यातली एकमेव व्यक्ती आहे.

"बाबा, सासूबाईंनी आज पुन्हा लॉनचा फोटो मागतला. काल मी तुमच्या सत्काराचा पाठवला. आज काय पाठवू, एखाद्या कार्यालयाच्या सिमेंटच्या सिंहाचा?"

"होते ना काही तरी..."

"मी त्याहीले सांगून बसली, बाबांनी खरं गवत लावलं म्हणून. त्या घरात पाय ठेवाच्या आधीच मी खोटी ठरून राह्यली, ते पाहा."

ती तरातरा उताराकडे निघून गेली. खाली पार्किंगची जागा होती. तिथून तिचा आवाज आला, "साहेब, मंग हे काय होय?"

आम्ही खाली गेलो. पार्किंगमध्ये हरळी उगवली होती. विरळ होती, पण कोवळी आणि हिरवीगार. शुभारंभाच्या उत्साहात, पेरणीनंतर पाणी देऊन, कोणी तरी पाइप उघडाच ठेवून गेलं होतं. वरचं हलकं बी पाण्याबरोबर उतारावर वाहून आलं होतं. दादारावांनी फवारणी नंतर केली आणि ती फक्त लॉनवर केली. पार्किंगवर औषध कोण वाया घालवणार?

"मांडव इथं टाका," ऋतुजा म्हणाली.

"पार्किंगमंधी लगन? लोकं काय म्हनतीन?"

"लोकायच्या गाड्या तुमच्या लॉनवर लावा. तिथं तसंही काही उगवत नाही."

मग कामाला लागलो. तण हातानं काढलं. रोज हलकं पाणी दिलं. गवत धरल्यावर वरचेवर छाटलं, म्हणजे ते आडवं पसरतं. विरळ जागा भरायला किसनरावांच्या धुऱ्यावरची हरळी मुळासकट आणून लावली. ती खरोखरच फुकट मिळाली आणि विदेशी हरळीत अशी मिसळली की गोल्फवाल्यालाही ओळखू आली नसती.

लग्न तिथेच लागलं. पुण्याच्या सासूबाईंनी चपला काढून गवतावर पाय टेकले आणि ऋतुजाला म्हणाल्या, "खरंच आहे गं!"  दादारावांनी माइक घेऊन सांगितलं की खालचं लॉन हीच त्यांची मूळ कल्पना होती. वरच्या मैदानावर 'व्हीआयपी पार्किंग' अशी पाटी लागली होती.

मे अखेरीस रोहिणी लागल्या तेव्हा त्यांचा फोन आला. "साहेब, आता खालच्या लॉनवर फवारू का?"

"आता फवारा. गवत मुरलं, पावसाळी तण अजून यायचंय."

"मंग ठीक. येत्या रविवारी फवारणीचा शुभारंभ ठेवू. पाहुण्यायले इचारून वेळ कळवतो."

एवढ्या वर्षांत मी एकच गोष्ट शिकलो आहे. बी आणि तण दोघंही मातीची ऊब पाहून उठतात. प्रमुख पाहुणे येईपर्यंत थांबत नाहीत.