वेळणेश्वरहून परतताना विझलेले दिवे

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी वेळणेश्वराला गेले ती श्रद्धेने नव्हे, यांच्या हट्टापायी. यांना पक्षाघाताचा झटका येऊन आठ महिने झाले होते. उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेल्यातच जमा होती. समजायचं सगळं, पण शब्द जिभेवर येता येता हरवायचा. मी सोमवार धरले, अभिषेक केले. मग एके दिवशी देवासमोर हात जोडले आणि मनात काहीच उमटेना. तोंडाने स्तोत्र चालू, आत कोरडं ठाक. हे कुणापाशी बोलायचीही चोरी होती.

आणखी एक कबूल करते. मी तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. मूल उत्तरात अडलं की ते पुरं करून द्यायची मला सवय. यांनी "पा" म्हटलं की मी पाणी पुढे करायचे. पाहुण्यांशी, डॉक्टरांशी यांच्या वतीने मीच बोलायचे. वाचा सुधारायला येणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "त्यांना वेळ द्या, तुम्ही बोलू नका." पण समोर बसून यांची धडपड पाहणं मला सोसायचं नाही. आणि यालाच मी सेवा समजत होते.

यांची गाडी चाळीस वर्षांपूर्वीची, गोल दिव्यांची. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत ती यांनी स्वतःच्या हातांनी जपली होती. आजारपणात तिला आठवड्यातून एकदा मीच फिरवून आणायचे. त्या सकाळी यांनी डाव्या हाताने किल्ली माझ्या मुठीत दाबली आणि म्हणाले, "वेळ... वेळणेश्वर." भाड्याची गाडी करू म्हटलं तर मान हलवली. जयगडहून फेरीबोटीने खाडी ओलांडून आम्ही गेलो. दर्शन झालं. मला काही वाटलं नाही. हे मात्र पिंडीकडे बघत बसले ते उठेचनात, आणि निघायला उशीर झाला.

थंडीचे दिवस, अंधार लवकर पडतो. हेदवी मागे टाकली तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. एका वळणावर पुढचे दोन्ही दिवे फट्कन गेले. कसाबसा ब्रेक लावला. स्विचचं बटण दाबून पुन्हा ओढलं, दिवे आले. थोडं पुढे गेल्यावर परत गेले. तिसऱ्यांदा आलेच नाहीत. गाडी रस्त्यालगतच्या दगडी गडग्याच्या कडेला घेतली. फोनला रेंज नाही. तवसाळची जेटी अजून लांब, यांची रात्रीची औषधं घरी. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रागानेच म्हटलं, "देवा, एवढं तरी नीट ठेवायचं होतंस."

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली, माझ्याच वयाची एक बाई वाकून बघत होती. "काय झाला ओ?"

"दिवे लागत नाहीत. इथे जवळ कुणी मेकॅनिक आहे का?"

"आता ह्या वक्ताला कोण मिळायचा?" तिने पलीकडे बसलेल्या यांच्याकडे पाहिलं. "गाडी कोणाची?"

"यांची. पण यांना बोलता येत नाही."

"इचारलात काय?"

मी उगाच बटण पुन्हा ओढून पाहिलं.

"गाडी ह्यांची ना? मग ह्यांनाच इचारा की," असं म्हणून तिने भारा गडग्यावर टेकवला आणि कमरेची बॅटरी काढून डॅशबोर्डवर उजेड धरला.

मी यांच्याकडे वळले. आठ महिन्यांत पहिल्यांदा, उत्तर ठाऊक नसताना यांना काही विचारलं. "काय करू?"

किती वेळ गेला कोण जाणे. ओठ हलत होते. माझ्यापाशी द्यायला शब्दच नव्हता. मग आवाज आला, "बॅट... बॅटरी. आधी. काळी... वायर." मी बॉनेट उघडून गाडीच्या बॅटरीची ती वायर सोडवली. "खाली... खिळा. दाब." बटणाच्या खाली बारीक खिळा होता, तो दाबल्यावर बटण हातात आलं. मागचा नट मी फिरवू लागले तर, "उलट! उलट!" स्विच बाहेर काढून पाठ उघडली, तर आतली पितळी पट्टी काळीठिक्कर पडली होती. "घास," हे म्हणाले. सीटखालच्या त्यांच्या पेटीतला पॉलिश पेपर घेऊन मी ती पिवळी होईपर्यंत घासली. "आता... वाकव. थोडी." पट्टी घट्ट टेकावी म्हणून वाकवायला गेले आणि स्विचच हातातून निसटून पायांशी पडला.

"वेंधळी!" हे म्हणाले. स्वच्छ, न अडखळता. आणि हसले.

लग्नानंतर गाडी शिकवताना हे मला असंच म्हणायचे. मी रडू लागले. ती बाई म्हणाली, "रडताव काय? हसतायत ते."

वायर पुन्हा जोडली, बटण ओढलं. समोरचा रस्ता लख्ख उजळला. मी डोळे पुसून बाहेर आले तोवर भारा तिच्या डोक्यावर होता. "सावकाश जावा," एवढंच म्हणून ती पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून गेली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

दिवे जेटीपर्यंत टिकले. तिथल्या माणसाने यांच्या खिडकीशी वाकून विचारलं, "काका, पलीकडे कुठे जायचंय?" माझं तोंड उघडलं होतं. मी ओठ मिटले. मागून कुणीतरी हॉर्न दिला, तरी मिटूनच ठेवले. "रत्ना... गिरी," हे म्हणाले, आणि जरा थांबून, "घरी."

यांचा हात अजून तसाच आहे. बोलणं मात्र सुधारतंय. तीन-चार शब्दांचं वाक्य आता जमतं. त्या रात्री दिवे गेले तो चमत्कार होता की जुन्या पितळेवरची काजळी, हे मी ठरवायला जात नाही. मला एवढंच उमगलं, की मी यांच्यासाठी बोलत होते आणि देवासाठीही मीच बोलत होते. त्याने काय द्यावं, कधी द्यावं, सगळं मीच सांगून मोकळी व्हायचे. आता संध्याकाळी दिवा लावून त्याच्यासमोर नुसती बसते. मन पुन्हा ओलावतं. त्याचं वाक्य तो त्याच्या वेळेने पुरं करील. मला घाई नाही.