धाकलू आचारी पंगतीला बसला

टोकावड्यापलीकडच्या पाड्यावरचा धाकलू मेंगाळ लग्नांचा आचारी होता. पोरवयात ढाब्यावर भांडी घासता घासता तो हे काम शिकला, आणि नव्वद सालानंतर मुरबाडपासून किन्हवलीपर्यंत कुणाकडे लग्न निघालं की त्याला बोलावणं यायचं. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत त्याला उसंत नसे. पहाटे चुलाण पेटवायचं, दुपारपर्यंत पाचशे पानं उठवायची, आवरून दुसऱ्या गावची गाडी धरायची.

एवढ्या लोकांना जेवू घालणारा हा माणूस स्वतः मात्र कधी जेवायला बसत नसे. पुरी तळताना एक पुरी तोंडात, बुंदी पाडताना मूठभर बुंदी, डाळ पाहायची म्हणून वाटीभर डाळ. मध्ये मध्ये चहा, तोही दाट आणि गोडमिट्ट. शेवटची पंगत उठल्यावर चार-पाच वाजता टोपाच्या तळाचा भात कालवून उभ्याउभ्या खायचा. बायको सावळी म्हणायची, "काम नसल तवा तरी बसून जेवा." पण बिनकामाच्या दिवशीही त्याला अकराच्या सुमाराला भूक लागत नसे आणि दुपारी तीनला शेवचिवडा आठवत असे.

सत्त्याण्णवच्या फाल्गुनात झाऱ्यावरचं उकळतं तेल त्याच्या डाव्या पायावर सांडलं. असं भाजणं त्याला नवं नव्हतं, आठवड्यात खपली धरायची. या वेळी दीड महिना झाला तरी जखम ओलीच. सावळीने हट्टाने त्याला मुरबाडला डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, साखर तीनशेच्या वर निघाली.

डॉक्टरांनी विचारलं, "जेवता किती वाजता?"

धाकलूने सावळीकडे पाहिलं.

"ते जेवत नाय," सावळी म्हणाली. "ते चाखतात. दिवसभर."

गोळ्या मिळाल्या. डॉक्टरांनी बजावलं की वेळच्या वेळी जेवायचं आणि गोड बंद. नाहीतर जखम आज भरेल, पुढची भरणार नाही, मग बोट काढावं लागेल. धाकलू गोळ्या घेत राहिला, पण बुंदी पाडायला बसला की हात आपोआप तोंडाकडे जायचा. पाक मुरला की नाही ते दुसऱ्या कशाने कळणार? एकदा आसनगावच्या लग्नात त्याला चुलाणापुढेच गरगरलं. दोघांनी धरलं म्हणून कढईवर पडला नाही.

त्या दिवसानंतर सावळी त्याच्याबरोबर कामाला येऊ लागली. "मी चाखीन," ती म्हणाली. "तुमी नुस्तं सांगायचं." पहिल्या लग्नात तिने मीठ कमी सांगितलं, धाकलूने वास घेऊन बरोबर आहे म्हटलं, आणि सावळीचंच खरं निघालं. मग धाकलू पाक आला का ते तिलाच विचारायला लागला. साडेअकरा वाजले की ती त्याच्या हातातला झारा काढून घ्यायची आणि मांडवामागे बसवून नाचणीची भाकरी, शेवग्याच्या पाल्याची भाजी पुढे ठेवायची. हे सगळं कुणाला दिसू नये अशी धाकलूची धडपड असे. आजारी आचाऱ्याला लग्न कोण देणार?

नव्व्याण्णव सालच्या वैशाखात किन्हवलीला धाऊ विशेंच्या मुलीचं लग्न होतं. धाकलू मांडवामागे भाकरी खात होता, तेव्हा वऱ्हाडातल्या कुणीतरी त्याला पाहिलं. पहिली पंगत बसली होती, वाढप चालू होतं. कुजबूज ओळीने पुढे सरकत गेली. आचारी स्वतः हे अन्न खात नाही म्हणे. घरून डबा आणलाय. काहींचे हात पत्रावळीवरच थांबले.

धाऊशेठ धावत मागे आले. घामाने डबडबलेले.

"धाकलू, माझ्या पोरीच्या लग्नात तू घरचं खातोस? जेवणात काय पडलंय का रे? खरं सांग."

धाकलूने हातातला घास खाली ठेवला. नऊ वर्षांत त्याच्या हातच्या अन्नाला कुणी असं विचारलं नव्हतं. पायाच्या जखमेपेक्षा हे जास्त झोंबलं.

सावळी म्हणाली, "उठा. पंगतीला जाऊन बसा."

तो हात धुऊन उरलेली भाकरी घेऊन थेट वऱ्हाडाच्या ओळीत जाऊन बसला. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतः रांधलेल्या जेवणाच्या पंगतीला. वाढप्याने घाबरत घाबरत पत्रावळी मांडली.

"डाळ वाढ. भाजी जास्त घाल. भात दोन घास," धाकलू म्हणाला आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "मला साखरेचा आजार हाय. बुंदी मला चालत नाय, बाकी सगलं मीच रांधलंय आन् हे बघा, खातोय."

तो जेवू लागला. समोरच्या ओळीत नवरदेवाचे मोठे मामा बसले होते, जाडजूड गृहस्थ. त्यांनी पत्रावळीवरची बुंदी बोटाने कडेला सारली आणि हळूच म्हणाले, "आचारी, मला पन तोच आजार हाय. अर्धी भाकर हाय का?"

धाकलूने भाकरी मोडून दिली. कुणीतरी हसलं, बाकीचे जेवायला लागले. धाऊशेठ भाजीची बादली घेऊन स्वतःच वाढायला लागले.

लग्नं काही कमी झाली नाहीत. उलट पुढच्या हंगामात दोन-तीन यजमानांनी म्हाताऱ्यांसाठी टोपलीभर भाकऱ्या करायला सांगितलं, त्या सावळीने थापल्या. धाकलू आता यजमानाला आधीच सांगतो की पहिल्या पंगतीत आमच्या दोन पत्रावळ्या मांडा. एका दिवशी दोन लग्नं घेत नाही. जखम भरली, पण डाव्या पायाच्या अंगठ्याला अजून स्पर्श कळत नाही, म्हणून चुलाणापाशी कॅनव्हासचे बूट घालतो. तळणाचं काम त्याला सोडवत नाही. कधी साखर उतरते, कधी होळीच्या पुरणपोळीने चढते. आणि टोकावड्याच्या स्टँडवर महिन्यातून एकदा तो एक गोड चहा पितो. सावळीला ते माहीत आहे. त्या दिवशी ती भात वाढत नाही.