हद्दीवरच्या माळावर ऐकू गेलेला आवाज

देव ऐकतो यावर माझा विश्वास होता. तो माझेही ऐकतो का, याविषयी मात्र मनात कायम शंका असे. नगरच्या ख्रिस्ती घरात जन्मूनही शिक्षण, संशोधन आणि पुढे इंग्लंडात लीड्सच्या प्रयोगशाळेतील नोकरी यांत माझी उपासना कधी मागे पडली ते कळले नाही. निवृत्तीनंतर मी पुन्हा चर्चच्या मंडळीत जाऊ लागले, तेव्हा चारचौघांत मोठ्याने प्रार्थना करायच्या कल्पनेनेच माझे हात गार पडत. गीत सुरू झाले की मी केवळ ओठ हलवत असे. आमचे हे थट्टेने म्हणत, “अगं, देवाला काय ओठ वाचायला लावतेस?” मी हसून वेळ मारून नेत असे.

ज्या लहानशा चॅपलमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात, मी जाते, ते यॉर्कशायर आणि लँकेशायर यांच्या हद्दीवरील माळाच्या पायथ्याशी आहे. या हद्दीवर अशी काही चॅपल आहेत आणि त्यांचा मिळून एक जुना संघ आहे. राजमान्य चर्चबाहेर उपासना करणे गुन्हा होता, त्या काळी या संघाचे लोक मुद्दाम हद्दीवर जमत. एका परगण्याचे शिपाई आले की ओढा ओलांडून दुसऱ्या परगण्यात जायचे, आणि थांबलेले गीत तिथून पुढे सुरू करायचे. पुढे कायदा बदलला, खोऱ्यांत कापडगिरण्या आल्या, चॅपल भरून गेली. गिरण्या बंद पडल्या आणि बाके पुन्हा रिकामी झाली. संघ मात्र टिकला. वर्षातून एकदा सारे जण एका चॅपलपासून दुसऱ्या चॅपलपर्यंत माळावरून चालत जातात. वाटेत धुके उतरले, तर पुढे चालणाऱ्याने गीताची एक ओळ म्हणायची आणि मागच्या प्रत्येकाने ती मोठ्याने गायची, असा नियम आहे. कुणाचा आवाज कमी झाला, की पुढचा थांबतो.

एका वर्षी पुढे डोरोथी होती. शाळेतून निवृत्त झालेली, पंचाहत्तरी ओलांडलेली आणि आवाजाने खणखणीत. निघताना ती मला म्हणाली, “तुझ्या शेजारी उभी राहिले की मला वाटतं, मी एकटीच गातेय. आज तरी गाशील ना?” मी होकारार्थी मान हलवली.

माळाच्या मध्यावर धुके आले. डोरोथीने ओळ म्हटली, सर्वांनी ती उचलली, आणि मी सवयीने ओठ हलवले. बुटाची नाडी सुटली म्हणून खाली वाकले. उठून पाहते तो समोर कुणी नव्हते. गाणे ऐकू येत होते, पण कोणत्या बाजूने ते उमजेना. मी घाईने चालू लागले आणि काही वेळात तेही विरून गेले. कुणीही थांबणार नव्हते. जो आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता, तो हरवल्याचे त्यांना कसे कळावे?

फोनला रेंज नव्हती. पायांखालची जमीन दलदलीची होती. एकदा पाय घोट्यापर्यंत रुतला आणि उपसून काढताना मी हातांवर पडले. ओले कपडे अंगाला चिकटले, दात वाजू लागले. जवळच कुठेतरी पाणी हलत होते आणि या माळावर खोल तलाव आहेत हे मला ठाऊक होते. मी मनातल्या मनात प्रार्थना केली. मग हाक मारायचा प्रयत्न केला, तर घशातून नुसती हवा आली. आपण इथे मरू आणि तेही कुणाला हाक न मारता, हा विचार मला इतका भयंकर वाटला की मी डोळे मिटले आणि आई भाकऱ्या थापताना गात असे ते एक मराठी गीत गाऊ लागले. आधी कुजबुजत, मग जीव खाऊन. सूर कुठेच नव्हता.

“कोण आहे तिकडं? हलू नकोस, बाई! पुढं पाणी आहे!”

धुक्यातून एक मेंढपाळ आला. पडलेली दगडी भिंत बघायला तो चार चाकांच्या क्वाड बाईकवरून निघाला होता. त्याने आपले जाकीट माझ्या खांद्यांवर टाकले आणि विचारले, “कसली भाषा म्हणायची ही?”

“मराठी.”

“मेंढी नाही एवढं कळलं. मेंढी बरी ओरडते.”

मी रडता रडता हसले. तो पुढे म्हणाला, “गाडी आत्ताच बंद पडली. तिला यथेच्छ शिव्या दिल्या, दम लागला म्हणून गप्प झालो, तेव्हा तू ऐकू आलीस. इंजिन चालू असतं तर काही खरं नव्हतं.” मला मागे बसवून त्याने बटण दाबले आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. त्याने खांदे उडवले.

तोपर्यंत मुक्कामाच्या चॅपलपाशी माझी अनुपस्थिती लक्षात आली होती. दोघे जण शोधायला परत गेले होते आणि उरलेले दारात उभे राहून गात होते, मला दिशा कळावी म्हणून. डोरोथीचा घसा पार बसला होता. तिने मला घट्ट धरले आणि ती रागानेच म्हणाली, “पुन्हा असं करशील तर बघ!”

देवाने माझी मूक प्रार्थना ऐकली नाही असे मी म्हणणार नाही. ती त्याने ऐकलीच असावी. पण स्वतःला त्याच्या हाती सोपवणे म्हणजे त्याच्या माणसांच्या कानांवरही स्वतःला सोपवणे, हे मला त्या पाण्याच्या काठावर कळले. त्या इंजिनाबद्दल मी रोज आभार मानते, आणि त्याचा उलगडा मागत नाही.

यंदा आम्ही पुन्हा माळ ओलांडला. आकाश स्वच्छ होते, गाण्याची गरजही नव्हती. तरी मध्यावर डोरोथी थांबली, एक ओळ म्हणाली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. माझे हात गार पडले होते. मी ओळ गायले, बेसूर, एकटीनेच. मग ती चालू लागली.