दिम्बाचे तांदूळ

आयशाचा फोन आला तेव्हा मी अपार्टमेंटच्या लाँड्रीत ड्रायरमधून कपडे काढत होते. "आई गेली," ती म्हणाली. आणि लगेच, "तिच्या घराची किल्ली तुझ्याकडे आहे ना?" मी हो म्हटलं. बिंतामावशी झोपेतच गेल्या होत्या, हृदय बंद पडून. त्याला आता दीड महिना होऊन गेला.

त्या आमच्या समोरच्या दारात राहायच्या. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशाच्या किनाऱ्यावर, खाडीकाठी भात पिकवणारे बागा नावाचे लोक आहेत, मावशी त्यांच्यातल्या. इथे अमेरिकेत, चँडलरच्या एका कॉलेजात फ्रेंच शिकवायच्या. २००६ मध्ये माझ्या नवऱ्याच्या, समीरच्या, नोकरीमुळे आम्ही इथे आलो आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या कुकरची शिट्टी ऐकून त्या दार ठोठावून विचारायला आल्या, की आत काही फुटतंय का. मी भात दाखवला. त्यांनी एक शीत बोटांत चिरडून पाहिलं, "जास्त शिजलाय" म्हणाल्या आणि जेवूनच गेल्या. आमचं बोलणं इंग्रजीतून, पण मी त्यांना मावशी म्हणायला लागले. अर्थ विचारून घेतल्यावर म्हणाल्या, "आईची बहीण? मग रागवायचा हक्क आला."

रागवायला मी भरपूर कारणं दिली. माझे वडील नागपूरला बुवाबाजीविरुद्ध पत्रकं काढायचे. त्या पत्रकांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. माझं लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. निदान अक्षता तरी टाकू दे, असं आई म्हणाली, तर तांदूळ शिजवून खायचे असतात, यावर मी तिच्याशी तासभर भांडले होते. त्यामुळे मावशी गावाकडच्या जुन्या धर्माबद्दल बोलायला लागल्या, की माझं उत्तर आधीच तयार असायचं.

त्या लहान असताना गावात इस्लामचा एक धर्मोपदेशक आला आणि गावातलेच तरुण त्याच्यामागे गेले. देवराईतली झाडं तोडली, मुखवटे बाहेर ओढून जाळले. पुढे देश स्वतंत्र झाला, आणि उरलंसुरलं नव्या सरकारनं अंधश्रद्धा म्हणून बंद केलं. मुलग्यांना राईत नेऊन दीक्षा द्यायची पद्धत होती, तीही थांबली.

"चांगलंच झालं की," मी म्हटलं. "राईत काय चालतं हे बायकांना विचारायचीसुद्धा बंदी. म्हाताऱ्यांनी धाक घालायचा, बाकीच्यांनी भ्यायचं."

"खरंय," मावशी म्हणाल्या. "माझ्या आजोबांना सगळं माहीत होतं. जाळणाऱ्यांना त्यांनी सांगितलं नाही, आणि पुढे आम्ही विचारलं तेव्हा आम्हालाही नाही. सगळं घेऊन गेले." मग थांबून म्हणाल्या, "पण जाळतानासुद्धा बायकांना कुणी विचारलं नाही हं..."

लपवणारे पुरुष आणि जाळणारेही पुरुष, हे मला आजही तितकंच चीड आणणारं वाटतं. मावशी चिडायच्या नाहीत. त्या स्वतः रोजे धरणाऱ्या मुसलमान होत्या, आणि जुन्या मुखवट्यांमधल्या दिम्बाची आठवण काढताना त्यांना त्याची काही अडचण वाटत नसे.

दिम्बा त्यांनी मला गेल्या हिवाळ्यात दाखवली. इथे चँडलरला एक फिरतं प्रदर्शन आलं होतं. काचेच्या पेटीत माणसाच्या उंचीचा लाकडी मुखवटा. वेणी घातलेलं डोकं, लांब नाक, आणि मुलांना पाजून पाजून सपाट होऊन लोंबणारे स्तन. खालच्या पाटीवर लिहिलं होतं, सुफलनाची देवी. मी म्हटलं, "हं, म्हणजे देवीच."

"देवी नाही ती. तिच्याकडे कुणी काही मागत नाही. बाई आहे. मुलं वाढवून झालेली, ताठ मानेची. आम्ही मोठं होऊन काय व्हायचं, ते." लग्नात, सुगीच्या वेळी, कुणी मोठं माणूस गेल्यावर एखादा दणकट पुरुष ती खांद्यांवर घेऊन नाचायचा, गवताच्या झग्यात पूर्ण लपून. स्तनांच्या मधल्या भोकातून त्याला वाट दिसायची. आणि बायका तिच्यावर तांदूळ टाकायच्या.

एवढं सांगून त्यांनी पर्समधून मूठभर साळ, टरफलासकटचे तांदूळ, काढली आणि काचेवर टाकली. गार्ड धावत आला. "मॅम, आत खायचे पदार्थ आणता येत नाहीत."

"कच्चे आहेत," मावशी शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही खाऊन बघा."

जमिनीवरचे दाणे मी वेचले. परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "मी गेले की तू टाक. आयशा नाही टाकायची. तिला हे सगळं पाप वाटतं."

"मावशी, मी आईला टाकू दिले नाहीत. मी असलं काही करत नाही."

"म्हणूनच तुला सांगतेय. तू टाकताना काही मागणार नाहीस."

"आणि टाकू कुणावर? इथे कुठली दिम्बा?"

"बघ... दिसली तर टाक." दुसऱ्या दिवशी त्यांनी साळीचा डबा आमच्याकडे आणून ठेवला. घरी समीर म्हणाला, "यार, पत्रकं वाटणाऱ्या बाईला अक्षता वाटायला लावल्या. मानलं मावशींना."

दफनाला बायका गेल्या नाहीत. आम्ही मशिदीच्या हॉलमध्ये बसून होतो. डबा माझ्या पिशवीत होता आणि तो उघडायची तिथे काही जागा नव्हती. आयशाच्या मांडीवर तिचं तान्हं बाळ होतं. तिच्या दुःखात मी माझा वाद, किंवा तिच्या आईचा, आणायचा का, हे ठरवता आलं नाही. डबा तसाच घरी आला.

गेल्या शनिवारी आयशा घर रिकामं करायला आली. बाळाला मी आमच्या दारात घेऊन बसले होते. शेवटी मावशींची मोठी लाकडी खुर्ची राहिली. समीर मदतीला पुढे झाला, पण "आय गॉट इट" म्हणत तिनं ती एकटीनंच उचलून खांद्यांवर घेतली. बसायची फळी डोक्यावर, पाठ मागे, पुढचे दोन पाय छातीवर लोंबलेले, त्यांच्यामधून ती पायरी बघत होती. ब्लाउजवर दुधाचा डाग. मान ताठ. त्या भारी खुर्चीखाली एक एक पायरी झुलत ती उतरू लागली.

मी बाळ समीरकडे दिलं, डबा आणला आणि वरून तिच्यावर साळ टाकली. काही मागितलं नाही.

आयशा थांबली. "व्हॉट वॉज दॅट?"

"तुझ्या आईनं सांगितलं होतं. दिम्बावर टाकायला."

आता ही ओरडणार, असं मला वाटलं. पण खुर्चीखालून ती म्हणाली, "ती देवी असते ना? मी आईला कधी पुढे बोलूच दिलं नाही."

"देवी नाही. खुर्ची खाली ठेव, सांगते."

ती खुर्ची तिनं गाडीत घातली नाही. परत वर आणून आमच्या दोन दारांच्या मध्ये ठेवली, तिच्यावर बसली, बाळाला पाजलं आणि मी सांगत गेले ते ऐकलं. जाताना डबा हातात घेऊन हलवून पाहिला आणि अर्धी साळ एका जुन्या मोज्यात ओतून घेतली. उरलेली माझ्या स्वयंपाकघरात आहे, कुकरच्या शेजारी. समीर विचारतो, शिजवायची का. मी नको म्हणते.