सहाशे दोनपासून पुढे

दौलतमामाजी गेल्याला महिना होऊन गेला. जाण्याच्या चार दिवस आधी त्यांचा फोन आला होता. मी लाखनीला कॉलेजात वर्गावर होते. "तुले एक सांगाचं होतं वं," ते म्हणाले. "संध्याकाळी करते, मामाजी," म्हणून मी ठेवला. केला नाही... काय सांगायचं होतं त्यांना?

मामाजी आंधळगावचे विणकर. शाळा सातवीपर्यंत. हातमागावर धोटा इकडून तिकडे पळत असताना ते मनात आकडे फोडत, पुढे फुटणारच नाहीत अशा तुकड्यांपर्यंत. मी सहावीत असताना मागासमोरच्या पाटीवर त्यांनी लिहिलं: तेहेतीस म्हणजे तीन गुणिले अकरा, चौतीस म्हणजे दोन गुणिले सतरा, पस्तीस म्हणजे पाच गुणिले सात. "पाय, तिघंही शेजारी, अन् तिघांच्याही घरी दोन-दोनच माणसं. असे चार शेजारी भेटले तं मले सांगजो." आमच्या घरात कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. मी गणित घेऊन पदवीधर झाले ती त्या पाटीमुळे.

कॉलेजच्या पहिल्याच सुट्टीत मी ऐटीत सांगितलं, "मामाजी, चार होतच नाहीत. लागोपाठ चार आकड्यांत एक चाराने भागला जातोच. त्याच्या घरी दोन आणि दोन आधीच बसलेले, वर आणखी कोणी असणारच. खुद्द चार घेतला, तर त्याचे शेजारी तीन अन् पाच, ते फुटतच नाहीत."

धोटा थांबला. मामी आतून म्हणाल्या, "झालं! आता या बुढ्याले काम काय रायलं?"

"पोरगी शिकून राहिली नं, बरोबरच बोलन," मामाजी हसले. पण त्यानंतर त्यांनी माझ्याजवळ तो विषय काढला नाही. त्यांची इतक्या वर्षांची हौस मी दोन वाक्यांत मोडली, असंच मी धरून चालले.

तेरवीनंतर मामींनी पाटी माझ्या हातात दिली. "हेच सांगाले तुले फोन लावला होता. दिवसभर फोनकडेच पायत होते."

६०२ = २ × ७ × ४३
६०३ = ३ × ३ × ६७
६०४ = २ × २ × १५१
६०५ = ५ × ११ × ११
६०६ = २ × ३ × १०१

पाच शेजारी, प्रत्येकाच्या घरी तीन माणसं. दोघांच्या घरांचे चार शेजारी होत नाहीत, हे माझं म्हणणं त्यांनी मानलं होतं. आणि मग घरात एक माणूस वाढवून ते शोधत राहिले होते... मला न सांगता.

खाली ६०७ लिहून पुढे कोरं होतं. मी मागावर बसले, खडू घेतला. सातने भागलं, अकराने, तेराने. तेवीसपर्यंत गेले, त्यापुढे बघायची गरज नव्हती. कशानेच जाईना.

"काय आलं वं?" मामींनी विचारलं.

"हा एकटाच हाये, मामी."

"राहू दे मंग," म्हणत त्यांनी पाटी मागासमोरच्या खिळ्याला पुन्हा अडकवली.