बुधरीनं लावलेलं तेल

अहेरीच्या पुढे दामोदर ठेकेदाराचा मळा आहे. तेंदूपानाच्या धंद्यात हा माणूस गबर झाला. बुधरी त्याच्याकडे राबते. धुणीभांडी, शेणगोठा आणि ठेकेदाराचं रिव्हॉल्व्हर, अशी तिची कामं. रिव्हॉल्व्हर त्याच्या बापाच्या वेळचं, परवान्याचं. ते पुसायला बाई कशाला, असं कोणी विचारलं की ठेकेदार म्हणतो, ‘‘भांडे घासतेच, त्यात हे एक.’’ आणि स्वतःच हसतो.

शिकवलंही त्यानंच. बाजूचं झाकण उघडायचं, आतल्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, काढायच्या, काजळी पुसायची, तेलाचं बोट फिरवायचं, पुन्हा जुळवायचं. चुकली की डोक्यात टपली. काम झालं की तो तपासायचा. रिकामं रिव्हॉल्व्हर तिच्या कपाळाला लावून चाप ओढायचा. खट् आवाज झाला की म्हणायचा, ‘‘झकास.’’ आपली बुधरी डोळे मिटून उभी. मला तिचाही राग यायचा, पण तिनं जायचं कुठं? नवरा गेलेला. मुलगा मिरची तोडायला तेलंगणात गेला तो तिकडचाच झाला. तिचं म्हणावं असं एक कुत्रं होतं, झिप्र्या. पिल्लू असताना तिनं त्याला आपल्या ताटातली पेज पाजून जगवलं होतं. रात्री ते तिच्या पायाशी निजायचं.

त्या हिवाळ्यात बंदुकीच्या तेलाची बाटली संपली. ठेकेदार नागपूरला. बुधरीनं आपलं टोळीचं तेल लावलं, म्हणजे मोहाच्या बियांचं. केसांना तेच, दिव्याला तेच, भेगाळलेल्या टाचांना तेच, देवापुढेही तेच. तिच्या लेखी त्याहून चांगलं तेल जगात नाही. थंडीत ते तुपासारखं गोठतं, हे तिला काय माहीत नव्हतं? पण तिची बाटली चुलीजवळ असते आणि रिव्हॉल्व्हर लोखंडी कपाटात, एवढं काही तिच्या डोक्यात आलं नाही. तिनं मायेनं लावलं, सढळ हातानं.

ठेकेदार परतला तो पाहुणे घेऊनच. सकाळी सगळे ओसरीवर शाली पांघरून बसले होते. चहा उशिरा आला.

‘‘काऊन वं, इतका वेळ?’’ म्हणत ठेकेदारानं हात उगारला. झिप्र्या मध्ये आला आणि दात दाखवून गुरगुरला.

एक पाहुणा म्हणाला, ‘‘भाऊ, तुमच्याच दारात तुमच्यावरच?’’

बस. ठेकेदारानं कुत्रं सीताफळाच्या झाडाला बांधायला लावलं. रिव्हॉल्व्हर आणलं, गोळ्या भरल्या, नेम धरला. चाप हलेना. घोडा अर्ध्यात अडकला. त्यानं गोळ्या काढून झाकण उघडलं, तर आत पांढरं थिजलेलं.

‘‘काय लावलं यात?’’

‘‘टोळीचं तेल, मालक. चांगलं असते ते.’’

पाहुणे पोट धरून हसले. ‘‘भाऊ, आता याच्यात भजे तळा,’’ एकजण म्हणाला. तिथेच झिप्र्याचं मरण पक्कं झालं. कुत्र्याचा राग एखादवेळी निवळला असता, हसण्याचा निवळणार नव्हता.

‘‘साफ कर,’’ ठेकेदार म्हणाला. ‘‘इथीच, माह्यासमोर.’’

ती ओसरीवर बसली. रॉकेलची वाटी, फडकं, पेचकस. समोर झिप्र्या तिच्याकडे बघून शेपूट हलवत होता. तिच्या बोटांत एक कमान थबकली. ती वाकडी बसवली तर गोळी सुटणार नाही, हे ती जाणून होती. ठेकेदारानंही ते ओळखलं. हरामखोर हुशार होताच.

‘‘चाललं नाई तं काठी आहे. संध्याकाळ झाली तरी चालते मले.’’

बुधरीनं त्याची काठी पाहिली होती. आदल्या वर्षी एक कुत्रं त्यानं तसंच मारलं होतं आणि ते दिवे लागेपर्यंत विव्हळत होतं. म्हणून तिनं कमान नीट बसवली. प्रत्येक भाग रॉकेलनं धुतला, खाचांतलं तेल काडीनं काढलं, कोरड्या फडक्यानं पुसलं. इतकं स्वच्छ तिनं ते कधी केलं नव्हतं. झिप्र्या एका गोळीत सुटू दे, एवढंच तिचं मागणं होतं. काम होताच ठेकेदारानं ते नेहमीसारखं तिच्या कपाळाला लावलं. या वेळी तिनं डोळे मिटले नाहीत, ती झाडाकडे बघत होती.

पहिली गोळी झिप्र्याच्या मागच्या पायाला लागली. तो किंचाळत झाडाभोवती फिरला आणि दोरी गळ्याला आवळली. दुसरी मातीत गेली. पाहुणे नेमाबद्दल काहीतरी बोलले, ठेकेदार लाल झाला.

बुधरीनं त्याचे पाय धरले. ‘‘मालक, जवळ जाऊन मारा जी.’’

‘‘मले नेम शिकवते का? इथूनच मारतो.’’

त्यानं गोळ्या झाडत चक्री रिकामी केली, पुन्हा भरली. झिप्र्या अजून ओरडत होता. रिव्हॉल्व्हर एकदाही अडलं नाही.