औषध बाटलीत असतं

"डॉक्टर, मी बाई होतंय काय?"

माझ्या लालबागच्या दवाखान्यात दत्ताराम बंडी वर करून उभा होता. संपात गिरणी सुटलेली, आता हिंदमाताला साड्यांच्या दुकानात वॉचमन. दोन्ही बाजूंची छाती सुजलेली, बोट लावलं की कळवळायचा. मग खालच्या आवाजात म्हणाला, "बायकोजवळ पण काय जमत नाय. तिका म्हायेरी पाठवतंय. तिचा आयुष्य मी कित्याक नासवू?"

मी पार गोंधळलो. पण डॉक्टरने तसं दिसायचं नसतं.

पुरुषाची छाती अशी वाढली की आम्ही लिव्हर बघतो. ठीक होतं. दारू? "माळ आसा गळ्यात!" अंडकोषात गाठ? नाही. "काही औषध चालू आहे?" "नाय." पुन्हा विचारलं. पुन्हा नाय.

परळच्या एका सर्जन मित्राला फोन केला. "बायोप्सी कर," तो म्हणाला. म्हणजे तुकडा काढून तपासायचा. दत्तारामने शब्द ऐकला आणि बंडी खाली ओढून थेट दाराकडे निघाला. त्याच्या लेखी बायोप्सी म्हणजे कॅन्सर.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको सुनंदा त्याला ओढतच घेऊन आली. "म्हायेरी पाठवतत म्हणे! मी काय पार्सल आसंय?"

तिलाही विचारलं, हे काही औषध घेतात का?

"औषध नाय ओ. गोळ्या तेवढ्या खातत. गजकर्णाच्या."

"अरे दत्ताराम, मग ते औषध नाही?"

"औषध बाटलीत असता, डॉक्टर!" तो उलट माझ्यावरच वैतागला.

कपाळावर हात मारला मी. आमच्याकडे कंपाउंडर बाटलीत भरून देतो ते औषध. बाकी सगळं गोळ्या.

पाकीट मागवलं. केटोकोनाझोल. तेव्हा नवीनच होती. बुरशी मारते, पण जास्त घेतली तर पुरुषी हार्मोन तयार होणंही दाबते. हे मलाही जाडं पुस्तक उघडल्यावर कळलं. स्किनच्या डॉक्टरने थोडे दिवसच दिली होती. खाज थांबली म्हणून हा पठ्ठ्या स्वतःच घेत राहिला, वर एकीच्या जागी दोन.

स्किनवाल्यांशी बोलून गोळ्या बंद केल्या, मलम दिलं.

"मी परत पुरुष होतलंय मा?" त्याचे डोळे भरले होते.

सुनंदा म्हणाली, "आधी होतात तेवढे होशात!" आणि पदराने स्वतःचेच डोळे पुसले.

बाकीची तक्रार लवकर गेली, सूज उतरायला मात्र महिने लागले. बायोप्सी करावी लागली नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारतो, गोळी? औषध? सुई? मलम? कंपाउंडर म्हणतो, "डॉक्टर, फेरीवाल्यासारखे ओरडताय."

ओरडतो. पेशंट 'हो' म्हणेपर्यंत ओरडतो.